डॅटसनची डावी सीट

“सुप्रा म्हंजे सरळ रस्त्यावर बंदुकीची गोळी हाय,” सरनोबत म्हणाले. “ह्यात वाद घालायला जागाच नाही.”

“गोळी सरळच जाती की ओ,” इम्तियाज म्हणाला. “वळण आलं की काय करायचं तिनं?”

हा वाद त्या दोघांत मी ओळखायला लागल्यापासून चालू होता आणि तो मिटावा असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. प्रतापराव सरनोबतांची कोल्हापुरात फाउंड्री होती आणि टोयोटाची जुनी सुप्रा होती. इम्तियाज मुजावरचं गॅरेज होतं आणि माझदाची आरएक्स-सेव्हन होती. तिच्या इंजिनात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर फिरतात, हे तो ओळख झाल्यावर पहिल्या चहाच्या आत सांगायचा. दोन्ही गाड्या नव्वदच्या दशकातल्या. त्या काळात जपानी कंपन्यांनी म्हणे आपापसांत ठरवून टाकलं होतं की कागदावर दोनशे ऐंशी हॉर्सपॉवरच्या वर कुणी जायचं नाही. त्यामुळे कागद समोर ठेवून वाद मिटवायचीही सोय नव्हती.

माझ्याकडे बजाजची स्कूटर होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि स्टॉपवॉच घेऊन उभं राहायला मला मनापासून आवडायचं. गाडी नसल्यामुळे मी कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून वेळ मोजायचं काम माझ्याकडे आलं. ते मी इतक्या काटेकोरपणे करायचो की सरनोबतांनी एकदा वैतागून मला ‘आरटीओ’ म्हटलं होतं. मला ते नाव आवडलं, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

जागा होती गारगोटीच्या पुढे. एका डोंगरावर बंगल्यांची वसाहत होणार होती. वसाहत झाली नाही, रस्ता मात्र झाला. पायथ्याशी फाटक, माथ्यावर पाण्याची रिकामी टाकी, मधे वळणावळणाचा चांगला डांबरी चढ आणि आजूबाजूला माणूस नाही. जमीन सरनोबतांच्या साडूची. वर्षातून एका रविवारी, थंडीत, तो किल्ली द्यायचा. फाटक बंद करून एकेक गाडी वर सोडायची, वर मी घड्याळ घेऊन उभा.

त्या रविवारी सुप्रा आणि आरएक्स-सेव्हन दोघींच्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या. वेळांत इतका कमी फरक पडला होता की वाद पुढच्या वर्षापर्यंत सुखरूप पोचला होता. आम्ही पायथ्याशी पोहे खात उभे होतो, तेव्हा तिसरी गाडी आली. ती नेहमी शेवटी यायची.

नारिंगी डॅटसन टू-फोर्टी-झेड, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. लांब नाक, दोनच सीट. चालवत होत्या वसुधाकाकू कारखानीस आणि त्यांच्या डाव्या बाजूला दिवाकरकाका. दोघांची उमेदीची वर्षं नैरोबीत गेली. तिथल्या मातीच्या रस्त्यांवरच्या रॅल्यांमध्ये ही गाडी घेऊन दोघं उतरायचे, आणि कोल्हापूरला परत आले तेव्हा भांडीकुंडी तिथे वाटून टाकून गाडी तेवढी बोटीने आणली. त्यांच्या दिवाणखान्यात एक फोटो होता. हेल्मेट घातलेली, चिखलाने माखलेली दोन माणसं गाडीला टेकून उभी. त्यातलं कोण कोणतं ते ओळखू येत नसे.

आम्ही दिवाकरकाकांना अक्षरशः देव मानायचो. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा मात्र गेली ती गेली. तरी आम्ही त्यांच्याभोवती कोंडाळं करून विचारायचोच. काका, मातीवर ब्रेक कधी मारायचात? काका, घसरलेली गाडी सावरायची कशी? काका गोड हसायचे. काकू चहा ओतायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. गाडी त्या इतकी सावकाश चालवायच्या की बैलगाडीवाल्यांनीही मागे वळून बघावं. असल्या गाडीचं नशीब म्हणून आम्ही आपसांत हळहळायचो.

काकूंनी मला फाटकाच्या बाजूला बोलावलं. मी सवयीने त्यांच्या उजव्या हाताला उभा राहिलो. त्यांचा डावा कान अलीकडच्या वर्षांत पार गेला होता, त्या बाजूने बोललेलं सगळं वाया जायचं.

“हेरंब, आज आम्ही पण वर जाणार आहोत. जोरात.”

सत्तरीतली बाई, तीस-पस्तीस वर्षांची गाडी, शेजारी आजारी माणूस.

“काकू, अहो कशाला? सावकाश एक चक्कर मारून या ना.”

“सावकाश काय, रोजच मारते.” त्या गाडीकडे बघत होत्या. “मागच्या महिन्यात निपाणीच्या अलीकडे एक ट्रक अंगावर आला. मी गाडी खेचली, कितीतरी वर्षांनी तशी खेचली. आणि दिवाकर बोलला.”

“काका बोलले?”

“ओठ हलताना दिसले मला. नुसते थरथरले नाहीत, तो बोलला. पण तो बसतो माझ्या डाव्या बाजूला.” त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला, एखाद्या नाठाळ नोकराकडे बोट दाखवावं तसा. “थांबून विचारलं, काय म्हणालास? तर हसला.”

काकू नवऱ्याला नावाने हाक मारायच्या. त्यांच्या वयाच्या बायकांत ते मी दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं.

“पुढच्या महिन्यात आम्ही मुलीकडे जातोय, बडोद्याला. कायमचे. गाडी इथेच राहील. म्हणजे मला हा एवढाच रविवार आहे. घरात दोन वर्षं झाली, मी बोलते आणि कुकर बोलतो. तो वेगात बोलणार असेल तर मला वेगात जायचंय. आणि मला काही ऐकू येणार नाही, म्हणून तू ऐक.”

“मी? मी तर वर असणार.”

“तुमचे ते वॉकीटॉकी आहेत ना. एक त्याच्या छातीवर बांध आणि बटणावर रबरबँड लाव. सतत चालू राहू दे. तो काही बोलला तर मला वर आल्यावर सांग. बस, एवढंच काम.”

आमच्याकडे तीन वॉकीटॉकी होते. एक फाटकावर, एक माथ्यावर आणि एक गाडीत. डोंगरात मोबाइल लागत नसे, त्यामुळे सगळा भरवसा त्यांच्यावर. सरनोबतांना हे सांगितलं तसे ते उखडलेच.

“बटण दाबून ठिवलं तर बाकी कुणाला बोलता यायचं नाही. मधे काय झालं तर? आरटीओ, तू तरी शाण्यासारखं बोल की. काकू आपल्या आईच्या ठिकाणी हायत.”

“म्हणूनच,” मी म्हणालो. मला स्वतःला त्या उत्तराचा अर्थ नीट लागला नव्हता, पण सरनोबत टोपी सारखी करून गाडीकडे वळले. इम्तियाज तोवर डॅटसनचं बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला होता. त्याने बॉनेट हळूच खाली टेकवलं.

“गाडी टकाटक हाय,” तो म्हणाला. “दीडशे घोडे, पण वजन काय नाहीच. जाऊ द्या त्यांना.”

काकूंची एक अट होती. आधी एकदा सावकाश वर जाऊन यायचं. त्याप्रमाणे डॅटसन गोगलगायीसारखी वर गेली आणि तशीच खाली आली. काका खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. सरनोबत माझ्या कानात पुटपुटले, “ह्यापेक्षा जोरात जाणार न्हाईत काकू. काळजी नको.” मलाही तसंच वाटलं आणि थोडं हायसं वाटलं.

मी काकांच्या छातीवर पट्ट्याला वॉकीटॉकी बांधला, बटणावर रबरबँड दोनदा गुंडाळला. काका माझ्याकडे बघून नेहमीसारखे हसले. काकूंनी मागून दोन जुनी हेल्मेट काढली, रंगाचे पोपडे गेलेली. काकांच्या डोक्यावर एक बसवून हनुवटीखालचा पट्टा लावला, दुसरं स्वतः घातलं आणि दोघांच्या मधे पाण्याची एक बाटली खोचून ठेवली. मग मी आणि सरनोबत सुप्रातून माथ्यावर गेलो. इम्तियाज फाटकावर थांबला.

टाकीच्या कठड्यावरून जवळजवळ सगळा रस्ता दिसतो. खाली नारिंगी ठिपका उभा होता. माझ्या एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्यात घड्याळ. आधी नुसती खरखर, मग सहा सिलिंडरचा घोगरा आवाज. तो एकदम चढला आणि मी घड्याळ दाबलं.

पहिल्या काही क्षणांतच सरनोबतांनी कठड्याला हात टेकला.

“आयला,” ते हळूच म्हणाले. “हे कोण चालवतंय?”

तो ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. पहिल्या वळणाला गाडी वळणाच्या आधीच वळली होती. तिचं मागचं अंग बाहेर फेकलं गेलं, तसंच धरलं गेलं आणि वळण संपताना अलगद जागेवर आलं. कुठे घाई नव्हती. दोन्ही मोठ्या गाड्या त्या वळणावर ब्रेक लावून, मान वळवून, मग पुन्हा धावल्या होत्या. ही थांबलीच नाही. मी वर्षानुवर्षं गाड्या मोजत आलो होतो आणि गाडी चालवणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी दिसत होतं.

आणि तेव्हा खरखरीतून आवाज आला. जाड, जरा घासलेला, पण स्पष्ट.

“पापड.”

सरनोबतांनी माझ्याकडे पाहिलं.

“पापड, पापड… उजवी करंजी. मोठी.”

“भूक लागलीया जणू काकांना,” सरनोबत म्हणाले, पण हसले नाहीत. माणूस दोन वर्षांनी बोलत होता आणि फराळाची नावं घेत होता. वाटलं, झालं, डोक्यात एवढंच उरलंय बिचाऱ्याच्या. वर आल्यावर काकूंना हे सांगायचं तरी कसं?

“डावी करंजी, छोटी. फोडणी आहे, फोडणी. सांभाळ.”

डॅटसन डाव्या वळणात शिरली. आतल्या कडेला दरडीची बारीक खडी सांडलेली होती, सकाळी सुप्राचं चाक तिथेच घसरलं होतं. गाडी बरोबर खडीच्या बाहेरून गेली.

“झाकण,” आवाज म्हणाला. “झाकण, मग कडबोळं. अजून दे. दे. आता सोड.”

पुढे रस्ता उंचवट्यावरून जातो आणि पलीकडचं काही दिसत नाही. उंचवटा ओलांडला की लगेच रस्ता गरकन उलटा फिरतो, पार स्वतःच्याच अंगावर. कडबोळं. मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण सरनोबत माझ्याकडे बघून मान हलवत होते. त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं होतं. काका खाण्याबद्दल बोलत नव्हते, रस्ता वाचत होते. सावकाशीच्या फेरीत खिडकीतून पाहून ठेवलेला सगळा रस्ता ते आता एकेक वळण आधी, तिच्या हातात देत होते.

शब्द आधी यायचा आणि गाडी नंतर. ‘सोड’ म्हणाले की इंजिनाचा आवाज उतरायचा, ‘दे’ म्हणाले की चढायचा; फक्त त्या उंचवट्याआधी ‘दे’ म्हणत असतानाच तो जरा उतरला होता. आणि काकूंना त्यातलं एक अक्षरसुद्धा ऐकू येत नव्हतं. सरनोबतांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, देवळात काढतात तशी, आणि ती काढल्याचं बहुतेक त्यांनाही कळलं नव्हतं.

“डावी करंजी… पापड. शेवटचा पापड. दे, वसू.”

नारिंगी गाडी शेवटच्या सरळ पट्ट्यावर आली, आमच्यासमोरून गेली आणि टाकीपाशी थांबली. इंजिन बंद झालं. माझ्या हातातल्या यंत्रातून शेवटचे दोन शब्द आले.

“पाणी पी.”

मग नुसती खरखर उरली.

काकू लगेच उतरल्या नाहीत. आधी काकांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, रुमालाने तोंड पुसलं, केस सारखे केले. मग स्वतःचं हेल्मेट काढलं आणि उतरून एकदा गाडीचं पुढचं चाक पाहिलं. विचारायला भीत होत्या. काका समोर बघत शांत बसले होते, ओठ मिटलेले.

“वेळ किती?” सरनोबतांनी मला विचारलं. सवयच ती. मी घड्याळाकडे पाहिलं. ते अजून धावत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते बंद करायला विसरलो होतो. मी सरनोबतांना ते दाखवलं, त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि न थांबवताच स्वतःच्या खिशात टाकलं.

काकू माझ्यापाशी आल्या आणि उजवा कान पुढे करून उभ्या राहिल्या.

“काही बोलला?”

“बोलले, काकू. पूर्ण वाटभर.”

“काय?”

“पापड,” मी म्हणालो. “पापड, पापड, उजवी करंजी मोठी.”

त्यांनी डोळे मिटले. मी आठवेल तसं सांगत गेलो. डावी करंजी छोटी, फोडणी. झाकण, मग कडबोळं. त्यांचा उजवा हात प्रत्येक शब्दाला किंचित हलत होता, स्टिअरिंगवर असल्यासारखा.

“कडबोळ्याच्या आधी काय म्हणाला?”

“‘अजून दे’ म्हणाले.”

“मी दिलं नाही तिथे. घाबरले.” त्यांनी डोळे उघडले. “बरोबर होतं त्याचं.”

“काकू,” सरनोबतांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, “म्हंजे नैरोबीला गाडी तुम्ही चालवायचा?”

“मग कोण? दिवाकरला क्लचसुद्धा नीट दाबता यायचा नाही. तो रस्ता सांगायचा. त्याच्यासारखा रस्ता सांगणारा माणूस त्या अख्ख्या देशात नव्हता.”

“पण तुम्ही कधी बोलला न्हाईत.”

“तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही सगळं त्याला विचारायचात. आणि त्याला तुमचं कोंडाळं आवडायचं.” त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. “पहिल्या रॅलीच्या वेळी नुकतीच दिवाळी झाली होती. बाकीचे इंग्रजीत ओरडायचे. ह्याला वेगात इंग्रजी सुचायचं नाही, मांडीवर फराळाचा डबा होता. वळण आलं तसा हा ओरडला, करंजी. मला लगेच कळली. पुढे तेच चालू राहिलं.”

मग त्यांनी विचारलं, “शेवटी काही म्हणाला?”

“‘पाणी पी’ म्हणाले.”

काकूंनी गाडीकडे वळून पाहिलं. गाडीच्या दारातून बाटली दिसत होती, झाकणसुद्धा न उघडलेली.

“गाडी थांबली की मला तहान कळायची नाही,” त्या म्हणाल्या. “हात कापत असायचे. दर वेळी सांगायचा. मी ऐकलंच नाही, हेरंब. तो आताही बोलला आणि मी त्याचं तोंड पुसत बसले.” आणि त्या रडल्या. एवढी गाडी हाणणारी बाई लहान मुलीसारखी रडत होती आणि आम्ही दोघं पुरुष नुसते उभे होतो.

तेवढ्यात आरएक्स-सेव्हन वर आली. इम्तियाजने खाली सगळं ऐकलं होतं. वेळ किती झाली हे त्याने विचारलं नाही. तो सरळ काकूंपुढे येऊन उभा राहिला, खिशातून त्याचा वॉकीटॉकी काढला, दुसऱ्या खिशातून एक गुंडाळलेली वायर काढली. सेटबरोबर आलेला इअरफोन. आम्ही तो कधी वापरलाच नव्हता.

“ह्यो उजव्या कानात घालायचा,” तो म्हणाला. “काका त्या सेटमधनं बोलतील, तुम्हाला ह्यातनं ऐकू येईल. आधीच सुचायला पायजे होतं मला. माफ करा.”

काकू त्या वायरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, इअरफोन कानात नीट बसवला आणि वरून हेल्मेट चढवलं. काकांच्या डोक्यावरही पुन्हा हेल्मेट बसलं. मी रबरबँड तपासला. डॅटसन सावकाश खाली गेली.

आम्ही तिघं कठड्यापाशी उभे राहिलो. माझ्या हातातला सेट अजून चालू होता. खालून इंजिनाचा आवाज चढला आणि खरखरीत काकांनी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. मी सरनोबतांकडे पाहिलं, त्यांनी इम्तियाजकडे. इम्तियाजने मान हलवली आणि मी सेट बंद केला.

ती फेरी आम्ही नुसती पाहिली. सुप्रापेक्षा वेगवान होती की आरएक्स-सेव्हनपेक्षा, ते मला आजही सांगता यायचं नाही, आणि त्या दोघांनी मला ते कधी विचारलंही नाही. एवढं मात्र दिसलं की उंचवट्याच्या आधी या वेळी इंजिन उतरलं नाही. गाडी पलीकडे दिसेनाशी झाली, सरनोबतांनी माझा दंड घट्ट धरला, आणि ती त्या उलट्या वळणातून एका दमात बाहेर आली.

डॅटसन टाकीपाशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. आम्ही कुणी पुढे गेलो नाही. काचेतून दोन हेल्मेट दिसत होती, डाव्या सीटवरचं काकूंकडे थोडं झुकलेलं. मग काकूंनी मधली बाटली उचलली, झाकण काढलं आणि घटाघट पाणी प्यायल्या.